बडे बाबूंची प्रगती, एकतीस मार्चअखेर

डायरी घरात आली आणि श्यामकांत वझलवारांनी सगळ्यात आधी तिच्यावर आवक क्रमांक टाकला. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. आवक क्रमांक नसलेला कागद त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसे. लग्नाच्या पत्रिका आणि गॅसच्या पावत्याही त्यातून सुटत नसत. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण रायपूरच्या चौबे कॉलनीत भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना अजून 'बडे बाबू'च म्हणत. कचेरीनं फक्त टेबल ठेवून घेतलं होतं. पद ते घरी घेऊन आले होते आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत सकाळी साडेदहाला त्याच्यासह बसत होते.

डायरी पाठवली होती मुलीनं, म्हणजे चित्रानं, पुण्याहून. निळी, जाडजूड, सोनेरी कडांची. प्रत्येक पानावर चार चौकटी छापलेल्या: आजचं ध्येय, किती साधलं, काय अडलं, आणि आज मी कोणाचा आभारी आहे. डायरीबरोबर एक अटही आली होती. डिसेंबरात श्यामकांत बाथरूममध्ये घसरले आणि कपाळाला तीन टाके पडले. चित्रा धावत आली, चार दिवस राहिली, आणि जाताना तिनं मोबाइलवर पुण्याच्या घरातल्या एका खोलीचा फोटो दाखवला. खोलीत दोन पलंग होते, खिडकीला पडदे होते आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवलेली होती. ही तुमची दोघांची, असं ती म्हणाली. मग बरीच घासाघीस झाली. बाबांनी दिवसभर खुर्चीत बसणं सोडलं, रोज फिरले, काहीतरी नवीन शिकले आणि हे सगळं रोजच्या रोज डायरीत लिहिलं, तर ती पुण्याचा विषय पुन्हा काढणार नव्हती. मार्चअखेर येऊन ती डायरी तपासणार होती, आणि नाही जमलं तर एप्रिलमध्ये सामान बांधायचं ठरलं होतं.

बदल्या, लेखापरीक्षण, विधानसभेतले प्रश्न, यांतल्या कशालाही श्यामकांत कधी घाबरले नव्हते. त्या दांडीच्या खोलीला मात्र घाबरले. पुण्यात एकदा ते बारा दिवस राहिले होते. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता आकड्यांकडे बघत आणि गेटवरचा चौकीदार बाराही दिवस 'किसके यहाँ जाना है' असं विचारत राहिला. बाराव्या दिवशी तर श्यामकांत स्वतःच दोन क्षण विचारात पडले होते.

तेव्हा डायरीचं काम त्यांनी मनावर घेतलं. पहिला प्रश्न आला तो बस्त्याचा. महत्त्वाची फाइल उघडीवाघडी ठेवायची नसते, लाल कापडात बांधायची असते. त्यासाठी ते सदर बाजारात गेले. सोनारांच्या दुकानांमधून, स्कूटरींच्या हँडलांमधून वाट काढत कापडाच्या चौथ्या दुकानात त्यांना हवा तो लाल रंग मिळाला. पण दुकानदार मीटरच्या खाली फाडेना आणि बडे बाबू पाऊण मीटरच्या वर जाईनात. शेवटी एक मीटरच घ्यावं लागलं. त्या रात्री डायरीत पहिली नोंद झाली: 'फिरणे: तीन तास, सदर बाजार.' त्यातले अडीच तास उभ्यानं गेले होते हे चौकटीत मावलं नाही.

पुढचे दिवस कॉलनीतल्या बागेत फिरण्याचे. शेजारचे शालिग्राम भैया, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, पहिल्याच सकाळी फाटकाशी उभे होते. बाग म्हटली की सल्ला आलाच. भैयांनी अनवाणी चालायला सांगितलं. चारूरकर वकील उलटं चाला म्हणाले, त्यानं गुडघे सुधारतात. एका बाईंनी चालताना टाळ्या वाजवायला सांगितल्या. बडे बाबूंना कुणाचाच अर्ज फेटाळायची सवय नव्हती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ते अनवाणी, उलटे आणि टाळ्या वाजवत चालले आणि मेंदीच्या कुंपणात जाऊन बसले. तिथून त्यांना दोघांनी ओढून काढलं. त्यानंतर फिरणं त्यांनी कमी केलं, डायरीतलं नव्हे.

खरी पंचाईत चौथ्या चौकटीनं केली. आज मी कोणाचा आभारी आहे? श्यामकांतांनी प्रामाणिकपणे विचार केला. दूध पैसे देऊन येत होतं, पेपरही पैसे देऊन येत होता. मग त्यांनी सरकारी कागदात माहिती नसली की लिहितात तो शब्द लिहिला, 'निरंक'. दुसऱ्या दिवशीही निरंक, तिसऱ्या दिवशीही. जानेवारी असा स्वच्छ गेला. महिनाअखेरीला पानांचे फोटो काढून चित्राला पाठवायला त्यांनी डायरी बायकोच्या, रमाबाईंच्या, हातात दिली, आणि रमाबाईंनी फोटो काढण्याआधी ती वाचली.

"पस्तीस वर्षं मी या घरात सैपाक करून राहिली," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "अन् तुमी रोज निरंक लिहून राहिले?"

श्यामकांतांनी खुलासा केला, की घरचं माणूस आभाराच्या कक्षेत येत नाही, त्याला वेगळं लेखाशीर्ष लागतं. रमाबाईंनी तो ऐकून घेतला. त्या संध्याकाळी साडेचारला चहा आला नाही. पाचला आला नाही. सहा वाजता श्यामकांत स्वयंपाकघरात डोकावले तेव्हा त्यांना कळलं की चहाही निरंक आहे. फेब्रुवारीपासून ती चौकट ते भरगच्च भरू लागले.

आता नवीन काहीतरी शिकण्याबद्दल. त्यांनी पोहणं निवडलं होतं. मागचा हिशेब सरळ होता. पोहण्याचा तलाव मार्चमध्येच उघडणार होता, म्हणजे दोन महिने काही करावं लागणार नव्हतं. जानेवारीच्या प्रगतीत त्यांनी लिहिलं, 'पोहणे: माहिती संकलन पूर्ण.' फेब्रुवारीत लिहिलं, 'प्राथमिक तयारी समाधानकारक. पाण्याची भीती गेली.' चित्राला फार आनंद झाला. तिनं फोनवर विचारलं, पाणी गार नाही का वाटत? श्यामकांत म्हणाले, सवयीचा भाग आहे.

मार्च उजाडला आणि ते तलावाच्या खिडकीशी उभे राहिले. आत जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या. अर्ज, चार फोटो आणि डॉक्टरांचा दाखला हवा होता. पहिल्या खेपेला फोटोंमागचा रंग निळा निघाला, पांढरा हवा होता. दुसऱ्या खेपेला दाखल्यात 'प्रकृती उत्तम' असं होतं, पण ती पाण्यात उत्तम राहील असं कुठं म्हटलं नव्हतं. श्यामकांतांचा अपमान होत होता, पण त्याचबरोबर त्यांना मनातून कौतुकही वाटत होतं. इतकं नेमकं बोट ठेवणं त्यांना स्वतःलाही नोकरीच्या उत्तरार्धातच जमलं होतं. तिसऱ्या खेपेला बाईंनी सगळे कागद जुळवले, टाचणी लावली, आणि मग चष्मा वर सरकवून वय बघितलं.

"साठ के ऊपर हैं आप," त्या म्हणाल्या. "वारिस की सहमति लगेगी. बेटा-बेटी कोई है?"

वारस एकच, चित्रा. तिला संमतिपत्र मागायचं म्हणजे ज्याची पाण्याची भीती गेल्या महिन्यातच गेली तो माणूस अजून तलावाच्या खिडकीबाहेरच उभा आहे हे सांगायचं. श्यामकांत कागद घेऊन घरी आले. येताना त्यांनी बाईंना नमस्कार केला.

एकवीस तारखेपर्यंत मार्चचा आकडा फारसा पुढं गेला नव्हता. चित्रा अठ्ठावीसला येऊन एकतीसला परतणार होती. आणि इथं श्यामकांतांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीनं खोटं नव्हतं, ती कामाची पद्धत होती. कचेरीत महिन्याचं प्रगती पत्रक एक तारखेला मंत्रालयाच्या टेबलावर पोचावं लागे. म्हणून ते पंचवीसलाच भरलं जाई, आणि उरलेल्या पाचसहा दिवसांत काय होईल ते बडे बाबू अनुभवानं लिहीत. चौतीस वर्षांत त्यांचं एकही पत्रक चुकलं नव्हतं, कारण चौतीस वर्षांत कुणी तपासायला आलं नव्हतं. तेव्हा लाल बस्ता सोडून, चष्मा पुसून, त्यांनी एका दुपारी दहाच्या दहा पानं भरून टाकली. सगळीकडे शंभर टक्के ठेवलं की चौकशी लागते हे ते नव्या कारकुनांना नेहमी सांगत. म्हणून सव्वीसला त्यांनी गुडघा दुखवला आणि फिरणं रद्द केलं. एकोणतीसला लिहिलं, 'काठ सोडून चार हात पोहलो.' एकतीसचं पान लिहायला त्यांना थोडा जास्त वेळ लागला.

पण पोहण्याची एक टोचणी राहिलीच. चित्रानं विचारलं, हात कसे मारता, तर दाखवता तरी यायला हवं. शालिग्राम भैयांचं लहानपण अभनपुरच्या तलावात गेलेलं. त्यांनी सांगितलं की पाणी ही नंतरची गोष्ट, आधी हातपाय. बावीस तारखेला संध्याकाळी त्यांनी बडे बाबूंना बैठकीतल्या दिवाणावर पालथं निजवलं आणि बाजूला उभं राहून मोजायला सुरुवात केली. श्यामकांत हात मारत होते, पाय झाडत होते, आणि दर चौथ्या खेपेला मान वळवून तोंड उघडून श्वास घेत होते. मधेच भैयांचा फोन वाजला, रेंज नव्हती, ते बोलायला गच्चीवर गेले. नेमक्या त्याच वेळी भांडी घासायला अंजनाबाई आल्या.

अंजनाबाईंनी पाहिलं ते असं: बाबूजी एकटेच पालथे पडलेत, हातपाय झाडताहेत आणि तोंड वासताहेत. "बाबूजी ला झटका आगे, दीदी," अशी फिट आल्याची आरोळी ठोकत त्यांनी आधी पायातली चप्पल काढून श्यामकांतांच्या नाकाशी दाबून धरली आणि मग बादलीभर पाणी ओतलं. मार्च महिन्यात बडे बाबूंचा पाण्याशी आलेला हा पहिला संबंध. रमाबाई धावत आल्या, भैया गच्चीवरून आले, उलगडा झाला, अंजनाबाई "हव, हव" म्हणत दिवाण पुसू लागल्या. पण तोवर भैयांच्या बायकोनं, लताबाईंनी, खिडकीतून जेवढं दिसलं तेवढ्यावर पुण्याला फोन लावला होता. घाबरू नकोस, पण निघून ये, इतकंच त्या म्हणाल्या. रमाबाईंनी नंतर फोन करून काही झालं नाही म्हणून सांगितलं, तर चित्रा म्हणाली, घरचे असंच सांगतात.

तेवीसला सकाळी रमाबाईंनी श्यामकांतांना बागेत पिटाळलं, आज तरी खरंखुरं फिरून या म्हणाल्या. आणि ते खरोखर फिरले. पाच फेऱ्या मारून, घामाघूम होऊन, स्वतःवर खूश होऊन फाटक उघडतात तर व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीत चित्रा बसलेली. पायाशी विमानाची चिठ्ठी अडकवलेली बॅग होती, लाल बस्ता सोडलेला होता, मांडीवर डायरी उघडी होती. तिचे डोळे सुजले होते. वडील चालत आलेले पाहून ती उठली नाही, नुसती वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"बाबा, आज तारीख काय?"

"तेवीस."

"सव्वीसला तुमचा गुडघा दुखलाय."

"दुखेल," श्यामकांत म्हणाले, आणि मग घाईनं, "अंदाजे."

पंचवीस तारीख, मंत्रालय, एखादी उणीव दाखवण्याचं महत्त्व, हे सगळं त्यांनी तिला उभ्याउभ्याच समजावलं. रमाबाई चिमटा हातात घेऊन दारात येऊन ऐकत होत्या. चित्रा हसली नाही. तिनं पानं उलटली, शेवटच्या पानाशी थांबली आणि मोठ्यानं वाचलं.

"'एकतीस मार्च. चित्रा संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. डायरी पाहून समाधानी दिसली. पुण्याचा विषय निघाला नाही. घरी येऊन आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. फार बरं वाटलं.'" तिनं वर पाहिलं. "माझ्या जाण्यानं, बाबा?"

चौतीस वर्षं श्यामकांत कागद लिहीत आले, पण ज्याच्याबद्दल लिहिलं ते माणूस समोर बसून वाचतंय असं कधी झालं नव्हतं. ते पायरीवर बसले.

"तसं नाही बेटा," ते म्हणाले. "तुयी ती खोली चांगली आहे. पण तिथं मले कोणी ओळखत नाही. इथं मी घसरलो तर दहा जण उचलायले येतात, चप्पल घेऊन येतात, पण येतात. तिथं मी नुसता सामानासारखा ठेवलेला राहीन. मले भीती वाटते त्याची."

चित्रानं डायरी मिटली. मग तिनं सांगितलं की डिसेंबरात तिकीट मिळून रायपूर गाठेपर्यंत तिला एकोणीस तास लागले होते, आणि त्यातले कितीतरी तास फोन लागत नव्हता. काल रात्री विमान मिळालं, पण धास्ती पुन्हा तीच. फिरता का, पोहता का, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ते एकोणीस तास तिला पुन्हा नको होते, एवढंच. हे सांगताना ती रडली आणि चिमट्यासकट रमाबाईही रडल्या.

मग तिनं नाक पुसलं. ती बडे बाबूंचीच मुलगी होती, कागदावर आलेली गोष्ट वाया घालवणं तिलाही जमेना. ती एकतीसपर्यंत राहणार होती, आणि आजपासून रोजचं पान लिहिल्याप्रमाणे व्हायला हवं, असं तिनं जाहीर केलं. तिच्याकडून पुण्याचा विषय निघणार नव्हता, कारण तसं लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीचं काय, असं श्यामकांतांनी चाचरत विचारलं, तर ती म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा.

ते आठ दिवस श्यामकांत स्वतःच्या अक्षराच्या धाकात जगले. चोवीसला सात फेऱ्या लिहिल्या होत्या, सात झाल्या. सव्वीसला सकाळी पाय इतके हलके होते की ते बूट घालून निघाले, तर चित्रानं डायरी दाखवून त्यांना परत बसवलं. दिवसभर पाय स्टुलावर ठेवून बसल्यावर संध्याकाळी गुडघा खरोखरच दुखला. वारसाची संमती घेऊन दोघं तलावाच्या खिडकीशी गेले. जाड चष्म्याच्या बाईंनी सही तपासली, चित्राला 'बेटी, आप ही संभालिए' म्हटलं आणि पास हातात दिला. एकोणतीसला श्यामकांत भैयांची उसनी चड्डी घालून पाण्यात उतरले. काठावर चित्रा डायरी धरून उभी. दोन हात मारून ते दांडीला लटकले, तर वरून आवाज आला, चार लिहिलेत. त्यांनी दांडी सोडली. तिसऱ्या हाताला पाणी नाकात गेलं, चौथ्याला तोंडात, आणि ते खोकत वर आले तेव्हा चित्रा पोट धरून हसत होती. डिसेंबरापासून ती हसलेली त्यांनी ऐकली नव्हती. तो दिवस त्यांना फार आवडला.

एकतीसला स्टेशनवर तिघं वेळेच्या आधी पोचले. चित्रानं शब्द पाळला होता. आठ दिवसांत तिनं त्या खोलीचं नाव काढलं नव्हतं, दांडीचंही नाही. बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली झाली, रमाबाईंच्या तिळाच्या वड्या झाल्या. सिग्नल पडला तसे श्यामकांत खिडकीशी गेले.

"सावनात महिनाभर येतो आमी दोघं," ते म्हणाले. "त्या खोलीत. तुया चौकीदाराले सांगून ठेव, मी कोण आहे ते."

चित्रा पाहतच राहिली. हे डायरीत नाही, बाबा, असं ती म्हणाली. श्यामकांत म्हणाले, नाही. आणि रोज सकाळी बागेतून आलो की फोन करीन, तोही नाही. मग गाडी हलली आणि ते थोडं अंतर खिडकीबरोबर चालले, जेवढं वय आणि रेल्वे पोलीस चालू देतात तेवढं.

घरी येऊन दोघं व्हरांड्यात बसले. श्यामकांतांनी बस्ता सोडला आणि एकतीसचं पान काढलं. पाठवलेल्या पत्रकात त्यांनी कधी दुरुस्ती केली नव्हती. केली तर नियम असा, की खोडलेलं वाचता यायला हवं आणि बाजूला सही हवी. 'पुण्याचा विषय निघाला नाही' यावर त्यांनी एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं, 'विषय मी काढला', आणि सही केली. मग शेवटची ओळ. 'फार बरं वाटलं' या तीन शब्दांवरही त्यांनी रेघ मारली. वर लिहिलं, 'चित्रा गेल्यावर घर खायला उठलं.' सही केली आणि टोपण लावायला घेतलं.

रमाबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माहीबी सही घ्या त्याच्यावर."

आणि पदराला हात पुसून त्यांनी त्या ओळीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.